ऑडिटला दरवर्षी त्याच एनसी (नॉन-कन्फॉर्मिटी, म्हणजे नियमाला सोडून सापडलेल्या त्रुटी), सॉफ्टवेअर घेऊन फरक पडेल का?

गेजमास्तर
नमस्कार मंडळी. आमची मशीनिंगची छोटी कंपनी आहे, मी क्वालिटीला, आणि सहा महिन्यांपासून सेफ्टी आणि सप्लायर ऑडिटपण माझ्याच गळ्यात पडलंय. सगळं एक्सेलमध्ये, इंटर्नल ऑडिटची एक शीट, सेफ्टी राउंडची दुसरी, ३८ सप्लायरांची तिसरी, आणि एकीचा दुसरीला पत्ता नाही. परवा तीन वर्षांचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून बसलो तर इमर्जन्सी एक्झिटसमोर पॅलेट, कॅलिब्रेशनची (माप बरोबर दाखवतो का त्या तपासणीची) तारीख उलटलेला मायक्रोमीटर आणि हीट ट्रीटमेंटच्या सर्टिफिकेटशिवाय आत घेतलेला लॉट, हे तीन पॉइंट दरवर्षी आहेतच. आणि दरवर्षी "संबंधितांना ट्रेनिंग दिले" लिहून बंद. त्यातला मागच्या वर्षीचा एक मीच बंद केलाय, उगाच दुसऱ्यावर कशाला ढकलू. साहेब म्हणतात सॉफ्टवेअर घेऊ. घ्यावं का आधी दुसरं काही करावं?

जुना_ऑडिटर
"ट्रेनिंग दिले" दिसलं की मी त्या रिपोर्टात पुढे वाचत नाही, खरंच सांगतो. मायक्रोमीटरचंच घ्या. तारीख का उलटली? तर तो लाइनवर वापरात होता. टूल रूमला जमा का नाही केला? तर बदली द्यायला दुसरा नाही, दिला तर लाइन थांबते. मग यात ट्रेनिंग कोणाला देणार, ऑपरेटरला तारीख वाचता येत नाही असं थोडीच आहे. एक स्पेअर घ्या, विषय संपतो.

आणि एक गोष्ट बहुतेक जण विसरतात, तारीख उलटलेला गेज कॅलिब्रेशनला आउट निघाला तर त्याने आधी मोजलेल्या मालाचं काय हे बघावं लागतं, आयएसओ ९००१ (क्वालिटीचं स्टँडर्ड) च्या ७.१.५ मध्ये आहे ते. नुसतं नवं स्टिकर चिकटवून भागत नाही.

बंद करायच्या तारखा दोन ठेवा, एक काम झाल्याची आणि एक दोन-तीन महिन्यांनी तुम्ही स्वतः जाऊन बघितल्याची. त्याच स्टँडर्डच्या १०.२ मध्ये, केलेली कारवाई लागू पडली का ते तपासा म्हटलंय ते ह्याचसाठी. तुमच्या शीटमध्ये दुसरा कॉलम नसणार, पैज लावतो.

हेल्मेटवाली
पॅलेटवर मी बोलते. पिवळी पट्टी मारली असेल, "येथे सामान ठेवू नये" बोर्ड लावला असेल, आणि पॅलेट बोर्डाला टेकून उभं असेल 😀 दादा, ते तिथे येतं कारण त्याला दुसरीकडे जागा नाही. जागा कुठे अडली ते शोधा. आयएसओ ४५००१ (सेफ्टीचं स्टँडर्ड) मध्ये पण क्रम हाच आहे ना, आधी धोकाच काढा, नाहीतर कमी धोक्याचं काही वापरा, मग इंजिनिअरिंगने अडवा, मग बोर्ड-ट्रेनिंग, आणि पीपीई (हेल्मेट, ग्लोव्ह्ज वगैरे) सगळ्यात शेवटी. आपण सगळे शेवटून सुरुवात करतो.

एक्झिटला हलक्यात घेऊ नका. २०१२ साली कराचीतल्या कपड्यांच्या कारखान्याला आग लागून अडीचशेच्या वर माणसं गेली, त्या कारखान्याला काही आठवडे आधीच एसए ८००० चं (कामगारांसाठी कामाची परिस्थिती चांगली असल्याचं) सर्टिफिकेट मिळालेलं होतं.

आणि तारीख सांगून राउंड मारू नका, रात्रपाळीला जा. मी एकदा गेले तर सीएनसी मशीनचं दार उघडं आणि स्पिंडल फिरतोय. दारावरची इंटरलॉकची (दार उघडलं की मशीन थांबवणारी) पट्टी खोलून सरळ स्विचमध्ये खोचलेली, वरून काळी टेप. चेकलिस्टवर "गार्ड आहे का" ला टिक, आणि गार्ड होतंच की, खोटं कुठेय! ऑपरेटरवर ओरडायच्या आधी विचारलं तर म्हणाला चिप (धातूचा कीस) गुंतते, दर दहा पार्टला दार उघडावं लागतं मॅडम. कूलंटचा नोझल भलतीकडे तोंड करून होता. तो फिरवला, स्विच परत बसवला, टेप माझ्या ड्रॉवरमध्ये आहे अजून. बाहेर येताना आयवॉशचं (डोळे धुवायच्या नळाच्या रोजच्या तपासणीचं) कार्ड बघितलं, त्या दिवशी तारीख १९ आणि सह्या ३१ पर्यंत झालेल्या.

भट्टीवाला
मी टेबलाच्या पलीकडचा, म्हणजे सप्लायर. सात कस्टमर, सात चेकलिस्ट, प्रश्न तेच फक्त नंबर वेगळे, आणि अर्धे ऑडिटर मीटिंग रूममधून उठतच नाहीत. भट्टीजवळ या, तापमानाचा चार्ट मागा, ते मोजणारं थर्मोकपल कधी बदललं विचारा, तिथे कळेल आमचं खरं काय ते.

सर्टिफिकेटबद्दल राग मानू नका, मागता पण वाचता का? सहा महिन्यांच्या सगळ्या लॉटला हार्डनेस ५८, ५८, ५८ असेल तर कोणीतरी कॉपी पेस्ट करतंय, खरी भट्टी इतकी शहाणी नसते. आणि सर्टिफिकेट नसेल तर जीआरएनच (माल आत घेतल्याची पावती) होऊ देऊ नका, म्हणजे पेमेंट अडकेल. आमच्यासारख्यांना मेल पाठवून फरक पडत नाही, पेमेंट अडकलं की त्याच दिवशी पडतो. ३८ जणांना एकच मापही लावू नका, बॉक्स देणारा आणि हीट ट्रीटमेंट करणारा एका फॉर्मवर कसे बसतील?

नवशिक्या_क्यूसी
त्यापेक्षा इनकमिंगला (येणाऱ्या मालाचं) चेकिंगच वाढवलं तर? म्हणजे ऑडिटला जायची गरजच नाही

जुना_ऑडिटर
@नवशिक्या_क्यूसी आयएसओ २८५९-१ (सॅम्पलिंगचं स्टँडर्ड) ने २००० नगांच्या लॉटला तपासणीच्या लेव्हल २ ला १२५ नग काढायचे, एक्यूएल (खराब नगांची चालवून घ्यायची मर्यादा) २.५ असेल तर ७ खराब निघाले तरी लॉट पास, ८ ला रिजेक्ट. आता १२५ नगांची हार्डनेस रोज कोण बघणार, आणि बघितली तरी माल बनून गेल्यावर कळलं. सॅम्पलिंग हवंच, लागोपाठच्या पाचात दोन लॉट पडले तर टाइटन्ड (जास्त कडक) इन्स्पेक्शनला जायचं हेही पाळा, पण भट्टी बघायला जावं लागेलच.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर आत्ता नको. तीन शीटची एक करा, सहा महिने चालवा, मग बघू.

हेल्मेटवाली
इथे माझं जमत नाही सर. मोबाइलवर फोटो आणि वेळ आपोआप पडत असती तर १९ तारखेला ३१ ची सही झाली नसती. मोठं नको, साधं ॲप चालेल.

गेजमास्तर
सगळ्यांचे आभार. काल रात्री सव्वाअकराला गेलो न सांगता. एक्झिटसमोर चार पॅलेट. फोर्कलिफ्टवाल्याला विचारलं तर म्हणाला स्क्रॅप यार्डचं गेट संध्याकाळी सहाला बंद होतं, चावी स्टोअरवाल्यांकडे आणि ते घरी, मग रात्रीचं स्क्रॅप ठेवू कुठे. तीन वर्षं ट्रेनिंग ह्याच माणसाला देतोय आम्ही. आज सकाळी दुसरी चावी मागितली तर स्टोअरवाले म्हणतात चोरी होईल, लेखी द्या. हे लेखी कोण देतं तुमच्याकडे, सेफ्टी की प्लांट हेड?