तुम्हाला कोणती पाळी मानवली?

मोरपीस
काल कपाटाच्या तळाशी जुना फोन सापडला. गंमत म्हणून चार्जिंगला लावला आणि विसरले. आज पहाटे ४:१० ला बोंबलायला लागला. गजराला नाव दिलेलं, 'ऊठ, बस चुकेल'. ती बस सोडून नऊ वर्षं झाली, तरी मी अंधारात ब्रश शोधत होते!

पॅकिंगला असताना तिन्ही पाळ्या करून झाल्या. फर्स्ट मागून घेतली ती दुपार आपली राहील या आशेनं. दुपार झोपेत जायची. सेकंडला लेक फक्त झोपलेली दिसायची. शेवटी दोन वर्षं कायमची नाईट घेतली, कारण तिला शाळेत सोडणं-आणणं दोन्ही जमायचं. सगळे म्हणाले वेडी आहेस. शरीराला विचाराल तर वेडीच होते. पण मी दिवसा झोपलेली असायचे ना, तेव्हा ती आवाज न करता कडी काढायला शिकली. डाव्या हातानं किंचित वर उचलून धरायची आणि उजव्यानं सरकवायची. आता कॉलेजात आहे, अजून दार तसंच उघडते.

तुमचं सांगा. कोणती घेतलीत, का, पस्तावलात का?

खट्याळ_काकू
शीर्षक वाचून भलत्याच तयारीनं आले होते. चालू द्या.

घुबड_नं_१
नाईट. अकरा वर्षं. साहेब नाहीत, मीटिंगा नाहीत, वर नाईट अलाउन्स. फक्त साडेतीन ते पाच हा वेळ वैरी. शरीराचं तापमान त्याच सुमारास सगळ्यात खाली जातं, मी तेव्हा भर उन्हाळ्यातही स्वेटर चढवतो. त्या वेळात आकडेमोड करत नाही. एकदा ४८० च्या जागी ४०८ लिहिले आणि अख्खी ट्रॉली परत आली. दोननंतर कॉफी बंद, कारण निम्मं कॅफीन उतरायलाच पाचेक तास जातात. नाहीतर सकाळी आपण गादीवर आणि डोळे छताला.

आणि कृपा करून नाईट संपवून गाडी चालवू नका. मला सिग्नलला डोळा लागला होता, मागच्यांनी हॉर्न वाजवून उठवलं. तेव्हापासून बस.

टिंबटिंब
सेकंड म्हणजे ना सकाळ आपली ना संध्याकाळ. एवढंच.

वाटसरू
@टिंबटिंब अहो उलट! सेकंडसारखं सुख नाही. गजर नाही, बँकेची कामं सकाळी उरकतात. संध्याकाळचे सगळे कार्यक्रम बुडतात, माझ्या मते तोही फायदाच.
नाईटला मात्र माझा पार घोळ झालेला. १४ तारखेची रात्री १२:२० ची गाडी. मी १४ ला दिवसभर झोपून, जेवून, ऐटीत रात्री अकराला स्टेशनवर. गाडी आदल्याच रात्री गेलेली! नाईटवाल्याला 'उद्या' म्हणजे कोणता उद्या ते विचारूनच घ्यावं.

टिंबटिंब
😂😂 आमच्याकडे 'झोपून उठल्यावर' असं म्हणतात. तारीख नाही बोलायची.

पाटीपेन्सिल
तुम्हाला निवडता येतं याचंच नवल. वॉर्डात रोस्टर लागतं ते लागतं. आमचं उलटं फिरायचं, नाईट, मग इव्हिनिंग, मग मॉर्निंग. दर वेळी झोप मागे खेचायची. शरीराचं घड्याळ २४ तासांहून जरासं मोठं असतं, त्यामुळे उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं नाही. मॉर्निंगकडून नाईटकडे असं पुढं फिरवा म्हणून इन्चार्जबाईंच्या मागं लागले. त्या म्हणाल्या, "मग सुट्ट्यांचं गणित तूच बसव." सतरा जणी, त्यात एक बाळंतपणाच्या रजेवर. चौकटीच्या वहीत खोडून खोडून कागद फाटला, पण बसवलं. आता नाईटनंतर दोन सुट्ट्या येतात. पहिली झोपेत जाते, दुसरीला माणसात येते. एकीचा रविवार गेला, ती अजून माझ्याशी बोलत नाही.

खट्याळ_काकू
रविवारावरून मैत्र्या तुटतात हो. आमचे हे नाईटला आणि मी फर्स्टला, सहा वर्षं फ्रिजवर चिठ्ठ्या. 'नळ गळतोय.' 'पाहिलं.' 'पाहून थांबत नाही.' भांडणसुद्धा तीन दिवस चालायचं, उत्तर यायलाच वेळ लागायचा.

रातराणी
पुढच्या महिन्यापासून मला नाईट. शिकायचं आहे दिवसा, म्हणून मागून घेतलीये. पण भीती वाटते. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं, २०१९ ला परत तेच. आई रोज पाठवते.

पाटीपेन्सिल
@रातराणी तो गट पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. आईला सांग. पण वर्षानुवर्षं नाईट करू नकोस, कोर्स झाला की बाहेर पड. आणि दिवसा क्लास किती वाजता गं? झोपायचं कधी ते आधी ठरव.

रातराणी
क्लास ११ ते १ 🙈 त्याआधी थोडं, नंतर थोडं?

घुबड_नं_१
तुकड्यांनी नको. क्लास संपला की सरळ संध्याकाळपर्यंत. खिडकीला काळा कागद, फोन दुसऱ्या खोलीत. बेलची वायर मी काढूनच ठेवलीये, नातेवाईक रागावलेत, असू दे.

रातराणी
कागदाला घरमालक नाही म्हणतील. पडदा चालेल?

खट्याळ_काकू
चालेल, पण अस्तर लाव आतून. आणि खिडकीपेक्षा वीतभर रुंद घे दोन्हीकडून, उजेड कडेनं घुसतो.

मोरपीस
काकू, मापं इथंच द्या, मलाही हवीत. तो फोन आज परत वाजला. पॅटर्न आठवत नाही, बंद होईना. उशीखाली दाबून ठेवलाय.

टिंबटिंब
चार्जिंगवरून काढलात का?

मोरपीस
अय्या.