विषय: जागा आणि स्मृती यांवर पगारी पीएचडी, भाचीसाठी चौकशी

प्रेषक: संजय, लेस्टर

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या वर्गणीच्या मेलमध्ये हे घुसडत नाही, वेगळा विषय उघडतोय. माझी भाची ऋतुजा कोल्हापुरात असते. शिवाजी विद्यापीठातून इतिहासात एमए झालीय. तिला इथल्या एका विद्यापीठाची जाहिरात दिसली: 'प्लेस अँड मेमरी', म्हणजे जागा आणि आठवणी, यावर फंडेड पीएचडी. घरात दोन तट पडलेत. ताई म्हणते, पैसे देऊन शिकवतायत तर जाऊ दे. भावजी म्हणतात, असं कोण शिकवतं, यात काहीतरी गोम आहे.

मी सॉफ्टवेअरवाला, मला यातलं ओ की ठो कळत नाही. तिच्या संशोधन प्रस्तावाचा दोन पानी मसुदा जोडलाय आणि तिलाही मेलमध्ये घेतलंय. अनुराधाताई, तुम्ही यातून गेलाय. जरा बघाल का?

संजय

---

प्रेषक: विश्वासकाका, बर्मिंगहॅम

आठवणी काढायला पगार? मग रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसणाऱ्या निम्म्या म्हाताऱ्यांना आधी डॉक्टरेट द्या की! नाद खुळाच म्हणायचा.

चेष्टा सोडा. पोरगी हुशार दिसतीय. पण चार वर्षं घालवून पुढं काय? हे कोणीतरी सांगा.

---

प्रेषक: अनुराधा, लीड्स

संजय, ऋतुजा,

भावजींची शंका रास्त आहे, फक्त गोम ते समजतात तिथे नाही. फंडेड म्हणजे फी कोणीतरी भरतं आणि वर जगायला स्टायपेंड मिळतो. ब्रिटनमध्ये आपल्या विषयांचा बराचसा पैसा एएचआरसी या कला आणि मानव्यविद्यांच्या संशोधन परिषदेकडून येतो, ती यूकेआरआय या संशोधनाला सरकारी पैसा देणाऱ्या संस्थेच्या छत्राखाली आहे. २०२५-२६ साठी यूकेआरआयचा किमान स्टायपेंड वर्षाला २०,७८० पौंड होता आणि त्यावर आयकर नाही. लंडनबाहेर एकट्या माणसाचं भागतं, चैन होत नाही.

खरी मेख फीमध्ये आहे. यूकेआरआय फी देते ती स्थानिक विद्यार्थ्याच्या दराने, २०२५-२६ मध्ये ५,००६ पौंड. भारतातून येणाऱ्याला लावलेली फी त्याच्या कितीतरी पट असते. मधला फरक विद्यापीठ सोडून देणार की ऋतुजाकडून घेणार, हे त्यांना ईमेलवर विचारा आणि उत्तर लेखी घ्या. 'फुल्ली फंडेड' या दोन शब्दांवर विसंबून घरात पेढे वाटू नका. २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांनाही या जागा खुल्या आहेत, पण साधारण ३० टक्क्यांपर्यंतच. शिवाय व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार, विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड, आणि तो सगळ्या वर्षांचा एकदम आगाऊ. व्हिसा काही महिने जास्तीचा असतो, म्हणून साडेतीन वर्षांच्या पीएचडीला तो चार वर्षांचा धरून तीन हजार पौंडांच्या वर जातो आणि पुष्कळदा आपल्याच खिशातून जातो. भावजींना हा आकडा आधी सांगा.

ब्रिटनवरच अडून बसू नकोस, ऋतुजा. नेदरलँड्समध्ये पीएचडी ही बहुतेक ठिकाणी सरळ नोकरी असते: चार वर्षांचा करार, पगार, फी नाही. जर्मनीत बरेचदा सरकारी वेतनश्रेणीतली अर्धी किंवा ६५ टक्के जागा, म्हणजे तेवढाच पगार, मिळते. युरोपियन युनियनच्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्क या पगारी पीएचडीच्या योजनेची अट अशी की जिथे नेमणूक होणार त्या देशात मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. ब्रिटनमधल्या जागांना इथे राहणारे आपण सगळे बाद, कोल्हापुरात बसलेली तू पात्र.

यादीवरच्या बाकीच्यांच्या भाच्या-पुतण्यांसाठी एक सांगून ठेवते. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना पीएचडीसाठीही मिळते. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीही आहे, पण २०२२ पासून तिच्यातून भारताचा इतिहास, संस्कृती आणि समाज यांवरचं संशोधन वगळलंय. म्हणजे ज्याला कोल्हापूरवर लिहायचंय त्याला तो दरवाजा बंद. मला हा नियम अजिबात पटत नाही, पण अर्ज करण्याआधी माहीत असलेला बरा.

आता मसुदा. रंकाळा, अंबाबाई, तालमी, तांबडा-पांढरा, जयप्रभा स्टुडिओ, शाहू मिलचा भोंगा, सगळं दोन पानांत. वाचून मला घरची आठवण आली आणि अडचण तीच आहे. निवड समितीतल्या माणसांना कोल्हापूरची आठवण येणार नाही. त्यांना एक न सुटलेला प्रश्न हवा.

शिवाजी चौकाचंच बघ. तिथे आधी मुंबई प्रांताचा ब्रिटिश गव्हर्नर विल्सन याचा पुतळा होता. स्वातंत्र्यलढ्यात त्याची मोडतोड झाली आणि १९४५ मध्ये त्याच जागी शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला. पलीकडे बिंदू चौकात १९५० मध्ये फुल्यांचा आणि आंबेडकरांचा पुतळा बसला, तोही बाबासाहेब हयात असताना. चालत दहा मिनिटांच्या आत एका शहराने ठरवून काय पुसलं आणि काय उभं केलं, हे दिसतं. तुझ्या मसुद्यात यातलं काहीच नाही, आणि मिसळ मात्र दोनदा आलीय.

किंवा केशवराव भोसले नाट्यगृह. १९१५ चं पॅलेस थिएटर, ८ ऑगस्ट २०२४ ला, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री जळालं. लगेच मागणी झाली, होतं तसंच बांधा. कुठल्या सालचं होतं तसं? १९१५ चं, की मधल्या दुरुस्त्यांनंतरचं? आणि कोणाच्या आठवणीतलं? नटांच्या मुलाखती सगळेच घेतात. पडदा ओढणारा, लाइटवाला, मध्यंतरात चहा विकणारा यांना विचारून बघ, वेगळंच नाट्यगृह सापडेल.

एक विषय धर. मग कागद कुठे आणि माणसं कुठे, ते लिही. कोल्हापूरच्या पुरालेखागारात संस्थानचं दप्तर आहे, त्यातलं बरंचसं मोडीत. मोडी येत असेल तर ते पहिल्याच परिच्छेदात यायला हवं, शेवटच्या ओळीत 'इतर कौशल्ये' म्हणून नको.

जाहिरात पुन्हा नीट वाच. काही जागांवर प्रकल्प आधीच ठरलेला असतो, तिथे कोल्हापूर रेटून चालत नाही. काही ठिकाणी विषय तुझा. ऑक्टोबरला सुरू होणाऱ्या जागांच्या मुदती बहुधा डिसेंबर-जानेवारीत संपतात, तेव्हा मार्गदर्शकांना सप्टेंबरातच लिहायला लाग. त्यांचं काहीतरी वाचून लिही. 'रिस्पेक्टेड सर'ने सुरू होणारी पाचशे पत्रं त्यांच्याकडे येतात.

काका, पुढं काय याचं उत्तर गोड नाही. प्राध्यापकाच्या कायम जागा इथेही थोड्या आणि तिथेही. संग्रहालयं, पुरालेख, वारसा जतन, आपत्ती व्यवस्थापन अशा कामांत यातली काही मंडळी जातात. खात्री कोणी देत असेल तर तो खोटं बोलतोय.

अनुराधा

---

प्रेषक: ऋतुजा, कोल्हापूर

अनुराधाताई, मनापासून आभार. मिसळ दोन्ही ठिकाणची काढली.

नाट्यगृहावर लिहायला इथे बरेच जण आहेत. मला पुरावर करायचंय. पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे इथे पोराटोरांना पाठ आहे. पावसाळ्यात माणसं भेटली की आधी "किती फूट?" असंच विचारतात. १९८९ च्या पुरानंतर नदीकाठच्या चिखली गावच्या लोकांना सोनतळीला जागा दिल्या. तरी गाव जुन्या जागीच नांदतंय. २००५, २०१९, २०२१, दर वेळी पाणी आलं की बाहेर पडायचं आणि ओसरलं की परत.

कागदोपत्री याला लोकांचा हट्ट म्हणतात. मला वाटतं यात हिशोब आहे, आणि तो आठवणीवर चालतो. भिंतीवर २००५ ची खूण असते. पाणी तिच्या खाली आहे तोवर माणूस जनावरं सोडून हलत नाही. २०१९ ला पाणी त्या खुणेच्या वर गेलं. मग जुन्या पुराच्या आठवणीनं माणसं वाचली, की तिच्या भरवशावर थांबली आणि अडकली? माझा प्रश्न हा. पुनर्वसनाच्या फायली, ग्रामपंचायतीचे ठराव, भिंतींवरच्या खुणांची मोजमापं आणि मुलाखती, असं चार बाजूंनी करता येईल. मोडी येतं, पण १९८९ नंतरच्या कागदांना त्याचा उपयोग नाही. जुन्या पुरांच्या नोंदींसाठी होईल.

बाबांचं म्हणणं, नेटची परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती काढ, महिन्याला ३७,००० रुपये मिळतात आणि घरी राहून होतंय. तेही चुकीचं नाही ना?

ऋतुजा

---

प्रेषक: विश्वासकाका, बर्मिंगहॅम

पोरी, आता कसं बोललीस! माझे थोरले साडू चिखलीचेच. सोप्यातल्या भिंतीवर दर पुराची रेघ मारून साल लिहून ठेवलंय. परवा घर रंगवलं तरी तेवढा पट्टा सोडून रंगवलं. त्यांना आजच फोन करतो. तू रविवारी जा आणि सगळं रेकॉर्ड करून घे. आणि पुढं काय हे मी विचारलं होतं, ते मागं घेत नाही, पण पोरीनं जावं.

---

प्रेषक: अनुराधा, लीड्स

ऋतुजा, हा प्रश्न चालेल. दोन पानांत हाच ठेव, आणि '१९८९ ते २०२१' अशी मर्यादा शीर्षकातच घाल.

बाबा चुकीचे नाहीत. नेट देच. ३७,००० पहिली दोन वर्षं, पुढे ४२,००० आणि घरभाडं वेगळं. कोल्हापुरात त्यात नीट राहता येतं आणि चिखली बसच्या अंतरावर. बाहेर जाऊन करायचं ते तिथली ग्रंथालयं, मार्गदर्शक आणि पुरावर काम करणारी इतर देशांतली माणसं यांच्यासाठी. फीचा फरक भरायला कर्ज काढावं लागणार असेल, तर मी घरीच कर म्हणेन.

काका, साडूंना फोन जरूर करा, पण रेकॉर्डिंग आत्ता नको. विद्यापीठाच्या एथिक्स समितीची मंजुरी येण्याआधी घेतलेली मुलाखत प्रबंधात वापरता येत नाही. मंजुरीनंतर संमतीपत्र लागेल, तेही मराठीत, आणि कधीही माघार घेण्याची मुभा त्यात लिहिलेली हवी. पुरात ज्यांचं गेलंय त्यांना एकच गोष्ट दोनदा सांगायला लावणं बरं नाही. ऋतुजाने रविवारी जावं, चहा प्यावा, भिंत बघावी. फोटो काढायचा तर साडूंना विचारून. आणि त्यांना आत्ताच सांगा, निदान दोन वर्षं तो पट्टा रंगवू नका.

अनुराधा