एकाच खुराड्यात पिल्ले, तलंगा आणि अंड्यावरच्या कोंबड्या : खाद्य कोणते द्यावे?

नमस्कार. संगमेश्वर तालुक्यातील आमच्या घराच्या परसात गिरिराज जातीच्या चार कोंबड्या, अद्याप अंड्यावर न आलेल्या तीन तलंगा, एक कोंबडा आणि पाच आठवड्यांच्या सहा पिल्लांसह एक गावठी कोंबडी आहे. दिवसभर सगळी मोकळी फिरतात, परंतु सकाळ-संध्याकाळ खाद्य एकाच ठिकाणी टाकावे लागते आणि आमची अडचण तेथूनच सुरू होते.

पूर्वी आम्ही केवळ तांदळाची कणी आणि भाताचा कोंडा देत होतो. अंडी कमी झाली तेव्हा दुकानदाराने लेयर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचे तयार खाद्य) सर्वांना चालेल असे सांगितले, म्हणून ते आणले. नंतर असे वाचनात आले की त्यात साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते, वाढत्या पिल्लांना मात्र सुमारे एक टक्का पुरते आणि त्याहून फार अधिक झाल्यास त्यांची मूत्रपिंडे बिघडतात. घाबरून आम्ही सर्वांना ग्रोअर, म्हणजे वाढत्या पक्ष्यांचे तयार खाद्य, सुरू केले. आता दोन गिरिराज मऊ कवचाची अंडी देत आहेत. खाद्य एकच ठेवायचे तर कोणते ठेवावे? शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवल्यास पिल्ले तोही खाणार नाहीत का? लेयर मॅशचे अर्धे पोते शिल्लक आहे, त्याचे काय करावे?

प्रतिसाद :

आपण ग्रोअरकडे वळलात ते योग्यच झाले, फक्त त्याच्या जोडीला शिंपले हवे होते. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जाते. कोंबडी दिवसाला ११० ग्रॅम ग्रोअर खात असेल तर तिला त्यातून जेमतेम १ ग्रॅम मिळते, त्यामुळे उरलेले ती स्वतःच्या हाडांतून काढते आणि तेही अपुरे पडले की कवच मऊ होते. म्हणून सर्वांना ग्रोअरच ठेवावे आणि शिंपल्यांचा चुरा खाद्यात न मिसळता वेगळ्या भांड्यात ठेवावा. अंड्यावरची कोंबडी गरजेनुसार तो आपणहून खाते. पिल्ले एखाद-दुसरा तुकडा टिपून सोडून देतात, त्याची काळजी नसावी. चुरा पिठासारखा बारीक नको, कणीहून थोडा जाड असावा. कवच बहुतांशी रात्री तयार होते आणि जाड तुकडे पोटात सावकाश विरघळतात, म्हणून संध्याकाळी भांडे भरलेले आहे ना, हे आवर्जून पाहावे. खाडीकाठचे शिंपले स्वच्छ धुऊन, उकळून, वाळवून कुटले तरी चालतात. कोंबड्याला अधिक कॅल्शियम लागत नाही, त्यामुळे त्यालाही हीच व्यवस्था सोयीची आहे.

पाच आठवड्यांच्या पिल्लांना ग्रोअरपेक्षा अधिक, म्हणजे सुमारे वीस टक्के प्रथिने मिळाली तर बरे. त्यासाठी केवळ पिल्लेच आत शिरू शकतील इतक्या अंतराने बांबूच्या कामट्या लावून एक कोपरा अडवावा आणि आत स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचे तयार खाद्य, ठेवावे. मात्र अनेक स्टार्टरमध्ये रक्ती हगवणीवरील औषध मिसळलेले असते, त्यामुळे पोत्यावरील चिठ्ठी वाचावी आणि अंडी देणाऱ्या कोंबड्यांना ते खाऊ देऊ नये. कणी-कोंडा पूर्ण बंद करण्याचे कारण नाही, पण त्यात प्रथिने कमी असल्याने तो मूठभर वरखाद्य म्हणूनच असावा.

उरलेले लेयर मॅश पिल्ले आणि तलंगा डालग्याखाली असताना फक्त गिरिराजांना घालून संपवावे. पावसाची ओल लागून त्याला बुरशीचा वास येऊ लागला असेल, तर मात्र ते वाळवून वापरण्याचा मोह टाळावा, कारण बुरशीचे विष उन्हाने जात नाही.