मोबाइल आहे म्हणजे डॉक्टर मिळतो, असं नाही

कुणीतरी लिहिलंय, की गोवा एवढासा, फोन प्रत्येकाच्या हातात, त्यामुळे दुखापत झालेल्या कामगाराला ई-संजीवनीवर, म्हणजे व्हिडिओवरून डॉक्टरचा सल्ला देणाऱ्या सरकारी सेवेवर, डॉक्टर सहज मिळतो. मला हे अजिबात पटत नाही.

वेर्ण्याच्या कारखान्यातल्या कायम कामगाराकडे विम्याचं कार्ड असतं, मडगावचं ईएसआय (कामगार राज्य विमा) हॉस्पिटल असतं, कामावरच्या दुखापतीने घरी बसावं लागलं तर वेतनाच्या ९० टक्के दराने भत्ता मिळतो. व्हिडिओवरचा सल्ला म्हणजे त्याची एक खेप वाचली, इतकंच. कुटबणच्या मासेमारी जेटीवर ओडिशा-झारखंडहून आलेल्या खलाशाचं काय? नोंदणीला ओटीपी लागतो, म्हणजे रिचार्ज केलेला, चालू फोन हवा. ट्रॉलर खोल समुद्रात गेला की रेंजच नाही. शिवाय डॉक्टर कोंकणी-हिंदीत विचारणार, हा ओडियात सांगणार. बोट बधीर आहे की ठणकतंय हेच नीट पोचत नाही, आणि विंचमध्ये (जाळं ओढायच्या यंत्रात) सापडलेल्या हाताचं पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

टेलिमेडिसिनच्या, म्हणजे फोन-व्हिडिओवरून डॉक्टरी सल्ला देण्याच्या, मार्च २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांतही म्हटलंय, की प्रत्यक्ष तपासणी अत्यावश्यक असेल तर ती होईपर्यंत डॉक्टरने पुढे जाऊ नये. म्हणजे शेवटी दवाखाना गाठायचाच. त्या दिवसाची मजुरी कोण देणार?

ई-संजीवनीत आरोग्य कर्मचाऱ्यामार्फत डॉक्टरशी बोलायची सोय आहेच. बोटी लागायच्या वेळी असा एक माणूस जेटीवरच बसवा. जखम धुऊन तो डॉक्टरला दाखवेल, आणि दुखापत कधी, कुठल्या कामात झाली ते लेखी नोंदवेल. नुकसानभरपाई मागताना खलाशाच्या हातात निदान तो कागद तरी असेल.