दोन वर्षांच्या मुलासह बाली : स्थलदर्शन करावे की एकाच किनाऱ्यावर मुक्काम?

अबोली (धागाकर्ती)

दीड ते तीन वर्षांच्या मुलाला घेऊन बालीला जाणाऱ्या पालकांनी स्थलदर्शनाचा मोह बाजूला ठेवावा आणि सानूरसारख्या एकाच किनाऱ्यावर मुक्काम करावा, असे माझे ठाम मत आहे. त्याला विरोध असणाऱ्यांनी कारणांसह लिहावे म्हणून हा धागा काढते आहे.

बालीच्या सहलींचा साचा सर्वांना माहीत आहे : उबुडची भातखाचरे आणि माकडांचे जंगल, किंतामणीहून बातूर ज्वालामुखीचे दर्शन, समुद्रातल्या खडकावरचे तानाह लोत मंदिर, समुद्राकाठच्या कड्यावरच्या उलुवातू मंदिरातून सूर्यास्त आणि एक पूर्ण दिवस शेजारचे नुसा पेनिडा बेट. दोन मोठ्या माणसांसाठी हा कार्यक्रम उत्तम आहे, पण मूल बरोबर असले की नकाशावरची अंतरे फसवी ठरतात. बेटावर रेल्वे नाही आणि दक्षिण भागातले रस्ते अरुंद असून दुचाक्यांनी भरलेले असतात. विमानतळापासून उबुड जेमतेम 35 किलोमीटरवर असले तरी तिथे पोहोचायला दीड तास सहज लागतो, संध्याकाळी त्याहून अधिक. दुपारी एकदाच झोपणारे मूल सलग पाच तासांच्या आसपास जागे आणि आनंदात राहते. त्यातले तीन तास गाडीत गेले, तर प्रत्यक्ष ठिकाणी पोहोचेपर्यंत ते किरकिरे झालेले असते आणि आईवडीलही थकलेले असतात. म्हणून ठिकाणांची यादी घेऊन आखणी करण्याऐवजी दोन झोपांच्या मधल्या तासांवरून ती करावी, असे मला वाटते.

सानूर मी उगाच सुचवत नाही. तिथे लाटा किनाऱ्यापासून लांब, प्रवाळाच्या पट्ट्यावरच फुटतात आणि ओहोटीला तर गुडघाभर पाणी दूरवर पसरलेले असते. किनाऱ्यालगत काही किलोमीटर लांबीचा फरसबंद रस्ता आहे, ज्यावर स्ट्रोलर ढकलता येतो. बालीत ही सोय फार थोड्या ठिकाणी आहे. याउलट पश्चिमेकडच्या कुटा, सेमिन्याक आणि चांगू या किनाऱ्यांवर लाटा मोठ्या आणि प्रवाह ओढ घेणारे असतात, शिवाय पावसाळ्यात, म्हणजे साधारण डिसेंबर ते मार्चमध्ये, समुद्रातून वाहून आलेल्या कचऱ्याचे ढीग तिथे साचतात.

दर्यावर्दी

अबोली यांची अंतराबद्दलची माहिती बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. मुलाला वाळू आणि पाणी एवढेच हवे असते, हे गृहीतच चुकीचे आहे. तसे असेल तर परदेशात जाण्याचे कारणच उरत नाही.

बालीतल्या कोणत्याही साध्या गल्लीत सकाळी दारोदारी आणि फुटपाथवर पूजेच्या छोट्या परड्या ठेवलेल्या असतात. त्यांना तिथे ‘चनांग सारी’ म्हणतात. कोवळ्या माडपानाची विणलेली तळहाताएवढी चौकोनी परडी, तिच्यात दिशांनुसार मांडलेली पांढरी, तांबडी, पिवळी फुले आणि वर धुमसणारी उदबत्ती. मोठी माणसे ती ओलांडून पुढे जातात, पण दोन वर्षांचे मूल तिच्याशेजारी उकिडवे बसते, पाकळ्यांवरून चाललेल्या मुंग्या बघते आणि धुराच्या रेषेकडे टक लावते. त्याला फक्त हात लावू द्यायचा नाही आणि उदबत्तीचे टोक तेवढे सांभाळायचे. असे स्थलदर्शन एका गल्लीत तासभर चालते आणि त्यासाठी किनारा सोडून आत, गावात जावे लागते. गामेलान वाद्यवृंदाचा सराव कानावर पडला की मुले जागच्या जागी थबकतात, हेही मी पाहिले आहे.

दुसरा मुद्दा घड्याळाचा आहे. बाली भारतापेक्षा अडीच तास पुढे आहे. मुलाचे घड्याळ मुद्दाम बदलू नये. घरी एक ते तीन झोपणारे मूल तिथे साडेतीन ते साडेपाच झोपेल आणि उठेल तेव्हा ऊन कललेले असेल. तिथे सूर्यास्त वर्षभर साधारण सहा ते पावणेसातच्या दरम्यान होतो. उलुवातूचे केचक नृत्य सुरू होते त्या वेळी मुलाच्या शरीराच्या हिशेबाने दुपारचे साडेतीन वाजलेले असतात, म्हणजे ते ताजेतवाने असते. असा योग असताना ते सोडून खोलीत का बसायचे?

निशिगंध

मी बालरोगतज्ज्ञ आहे. स्थलदर्शन करावे की नाही, हा वैद्यकीय प्रश्न नाही, परंतु कोणते करावे हा निश्चितच आहे, म्हणून लिहिते.

माकडे असलेली ठिकाणे या वयात पूर्णपणे वगळावीत, असा माझा आग्रह आहे, आणि त्यात उबुडच्या जंगलाबरोबर उलुवातूही येते. तिथली लांब शेपटीची माकडे चष्मे, टोप्या आणि हातातल्या वस्तू हिसकावतात आणि लहान मुलाचे तोंड नेमके त्यांच्या उंचीवर असते. 2008 पासून बालीत रेबीजचा प्रादुर्भाव आहे. तो मुख्यतः कुत्र्यांमुळे पसरतो, पण चावा कोणत्याही सस्तन प्राण्याचा असला तरी तो गांभीर्यानेच घ्यावा लागतो. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे, त्याच दिवशी लस सुरू करणे आणि गरजेप्रमाणे इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडे) देणे, हा उपचाराचा क्रम आहे. यातले इम्युनोग्लोब्युलिन बेटावर कुठेही हाताशी असेलच, असे धरून चालू नये. लहान मूल ओरखडा लपवत नाही, पण तो कशामुळे झाला हे सांगूही शकत नाही. जाण्याआधी रेबीजची प्रतिबंधक लस घ्यावी का, हे आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे.

डेंग्यूचे डास दिवसा चावतात, सकाळी आणि सूर्यास्ताआधी विशेषकरून. त्यामुळे दर्यावर्दी यांची आवडती संध्याकाळची वेळ हीच डासांचीही वेळ आहे. दोन महिन्यांवरील मुलांना डीईईटी (DEET) हे रसायन असलेले डासरोधक चालते, मात्र ते मुलाच्या हातांवर लावू नये, कारण हात तोंडात जातात. लेमन युकॅलिप्टस तेलाची डासरोधके तीन वर्षांखालील मुलांना लावू नयेत. ताप आलाच तर पॅरासिटामॉल वजनाच्या हिशेबाने द्यावे. डेंग्यूची शक्यता दूर होईपर्यंत आयब्युप्रोफेन देऊ नये.

घड्याळ न बदलण्याच्या सल्ल्याची दुसरी बाजूही पाहावी. सकाळी सातला उठणारे मूल तिथे साडेनऊला उठेल, आवरून बाहेर पडेपर्यंत अकरा वाजतील आणि झोपेपर्यंतचा त्याचा सगळा खेळ अकरा ते तीन या वेळेत होईल. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम आठ अंशांवर आहे आणि या तासांत तिथले ऊन अतिशय प्रखर असते. सनस्क्रीन लावलेले असले तरी या वेळेत मूल सावलीतच हवे.

पायवाट

या वयाच्या मुलाला असा प्रवास घडवूच नये, पाच वर्षांचे होईपर्यंत थांबावे, या मताचा मी आहे. मुलाला काहीही आठवणार नाही, हा नेहमीचा मुद्दा मी मांडत नाही, कारण आठवत नसले तरी अनुभव वाया जात नाही. माझा आक्षेप आईवडिलांच्या वाट्याला काय येते याबद्दल आहे. दोन वर्षांखालील मुलाचे विमानभाडे बहुतेक कंपन्यांकडे मूळ भाड्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून दुसऱ्या वाढदिवसाआधी घाईने जाणारी जोडपी मी पाहतो. मग एक जण मंदिर पाहतो, दुसरा बाहेर मुलाला खेळवतो आणि दोघांचाही अर्धाच प्रवास होतो.

जायचेच असेल तर न्येपीची तारीख आधी तपासावी. बहुधा मार्चमध्ये येणाऱ्या या मौनाच्या दिवशी विमानतळ चोवीस तास बंद असतो, पर्यटकांनाही हॉटेलबाहेर पडता येत नाही आणि रात्री दिवे मंद ठेवावे लागतात. दूध आणि डायपर आदल्या दिवशीच आणून ठेवलेले बरे.

दर्यावर्दी

निशिगंध यांचे माकडांबद्दलचे म्हणणे मी पूर्णपणे स्वीकारतो. तरीही केचक सोडण्याची गरज नाही. उबुडमध्ये मंदिरांच्या प्रांगणांत ते रात्री साडेसातच्या सुमारास होते आणि तिथे कड्याची धास्ती नसते. उन्हाच्या तासांसाठी सिंगापाडूचे पक्षी उद्यान आहे. तिथे झाडांची सावली आहे आणि बालीची शुभ्र मैनाही पाहायला मिळते. डोळ्यांभोवती निळी कातडी असलेल्या या पक्ष्याची जात निसर्गात नामशेष होण्याच्या काठावर आहे. मुलाला मानेवर बसवून ती दाखवावी.

पायवाट यांना एवढेच सांगतो की पाळीपाळीने पाहणे हा अर्धा प्रवास नव्हे. बाहेर मुलाबरोबर बसलेल्या माणसाशी गावातल्या बायका आपणहून बोलायला येतात. मूल कडेवर नसते तर एरवी कोणी आपल्याकडे वळून पाहिलेही नसते.

अबोली

उबुडच्या केचकला माझा विरोध नाही, पण ते सानूरहून जाऊन-येऊन करण्याला आहे. परतीला रात्रीचे दहा वाजतात, मूल गाडीत झोपून जाते आणि भाड्याच्या गाडीत कार सीट सांगितल्याशिवाय मिळत नाही. अंधारात, दुचाक्यांच्या गर्दीतून, मांडीवर झोपलेले मूल घेऊन तासभर येण्याइतके कोणतेही नृत्य मोलाचे नाही. दर्यावर्दी यांचा बेत करायचा असेल, तर उबुडला दोन रात्री राहावे आणि तिथे स्ट्रोलर न नेता मुलाला अंगाशी बांधून घ्यायचा कॅरिअर वापरावा, कारण तिथले फुटपाथ उंचसखल आणि जागोजागी फुटलेले आहेत.

नुसा पेनिडाबद्दल मात्र मी तसूभरही हटणार नाही. केलिंगकिंगचा प्रसिद्ध किनारा उंच कड्याखाली आहे आणि तिथे उतरण्याची वाट इतकी खडी आहे की मोठ्यांनाही हातांचा आधार घ्यावा लागतो. मुलासह तो वरूनच पाहावा लागतो. त्या एका दृश्यासाठी उघड्या समुद्रातून बोटीने जायचे आणि बेटावरच्या खडबडीत रस्त्यांवर मुलाला तासन्‌तास हिंदकळत न्यायचे, हे मला पटत नाही. ज्यांना जायचेच आहे, त्यांनी पाळीपाळीने जावे आणि मुलाला सानूरच्या वाळूत ठेवावे. तरीही कोणी मुलाला नेणारच असेल, तर त्याच्या मापाचे लाइफ जॅकेट आहे का, हे तिकीट काढण्याआधी प्रत्यक्ष जॅकेट अंगावर घालून पाहावे, आणि नसेल तर त्या बोटीत चढू नये.