तांबडा थर लागला म्हणजे पाणी लागलं असं नाही

'बोअरला तांबडी माती लागली की पाणी जवळ' असं म्हणतात, ते अर्धंच खरं. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी एक लाव्हा थंड होऊन पुढचा येईपर्यंत वरचा भाग कुजला, त्याची ही चिकणमाती. खंबाटकी घाटाच्या कापात असे पट्टे दिसतात. ही माती पाणी सोडत नाही, अडवते. पाणी असतं लगतच्या सच्छिद्र, भेगाळ खडकात.

साताऱ्याकडे खरा घात केसिंगमध्ये, म्हणजे बोअरच्या भिंती ढासळू नयेत म्हणून घालतात त्या पाइपात, होतो. मुरूम संपून काळा पाषाण लागला की पाइप थांबवतात. खाली हा थर आला तर भिजून फुगतो, ढासळतो आणि मोटर अडकते. खोदताना भुकटी तांबडी झाली की खोली लगेच लिहून ठेवा, तेवढ्या टप्प्यात अखंड पाइप घाला, जाळीचा (भोकं असलेला) नको.