सशाच्या कोंड्यावर गाईचं इंजेक्शन: घरी टोचावं की नाही?

तापीकाठ

सशाच्या मानेमागे पांढरा कोंडा दिसतोय, केसांचा झुपका चिमटीत धरला की सहज हातात येतोय, असं कुणी म्हटलं की जळगावपासून नंदुरबारपर्यंत सल्ला एकच: "जनावरांच्या औषधांच्या दुकानातून आयव्हरमेक्टिन (अंगावरचे किडे मारणारं औषध) आण, दोन थेंब टोच, मोकळा हो." माझा विरोध या सल्ल्याला आहे, औषधाला नाही. औषध बरोबरच आहे, घोळ त्या "दोन थेंबां"त आहे.

हिशेब करून बघा. गाईम्हशींची बाटली १ टक्क्याची, म्हणजे १ मिलीत १० मिलिग्रॅम. सशाला लागतं किलोमागे ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम. दीड किलोच्या सशाला ०.२ च्या दराने ०.३ मिलिग्रॅम, म्हणजे बाटलीतलं फक्त ०.०३ मिली. सिरिंजचा एक थेंबच साधारण ०.०५ मिलीचा असतो. दोन थेंबांत १ मिलिग्रॅम गेलं, म्हणजे वरच्या मर्यादेच्याही दीडपटीहून जास्त. आठवडे बाजारातून आणलेलं ६०० ग्रॅमचं पिल्लू असेल तर चौपट. मग ससा डोलतो, मागचे पाय सरकतात, चाऱ्याला तोंड लावत नाही, आणि घरचे म्हणतात किडे अंगात भिनले.

दुसरं, कोंडा म्हणजे माइट्सच, म्हणजे कातडीवरचे बारीक किडेच, हे ठरवलं कुणी? ते बघायला पाच मिनिटं लागतात. खांद्यांच्या मधले आणि शेपटीच्या वरचे केस फुंकर मारून बाजूला करा, पारदर्शक चिकटपट्टी कातडीवर दाबून उचला आणि काचपट्टीवर चिकटवा. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली ४० पट मोठं करून बघितलं की केलेटिएला हा कोंड्याचा किडा ओळखू येतो: आठ पाय, तोंडाशी हुकासारखे दोन आकडे, लांबी साधारण ०.४ मिमी. सूक्ष्मदर्शक नसेल तर बारीक फणीने काळ्या कागदावर कोंडा झाडा आणि १० पटीच्या भिंगातून दोन-तीन मिनिटं नजर ठेवा. कोंड्याचा कण स्वतःहून सरकला की उत्तर मिळालं. "चालता कोंडा" हे नाव त्यावरूनच पडलंय.

माझं म्हणणं: आधी पट्टी, मग वजन, मग डॉक्टरांनी लिहिलेली मात्रा. घरी टोचाटोची नको.

सातपुडा_पायथा

बठ्ठं खरं शे भो, पन ससाना डॉक्टर कोठे भेटस?

धडगाव, अक्कलकुवा, शिरपूरकडच्या सरकारी दवाखान्यात गाय, बैल, शेळी बघतात, आणि ती चांगली बघतात. ससा टेबलावर ठेवला की तिथेही निघते तीच १ टक्क्याची बाटली. मग मे महिन्यात ४४ अंशांत सशाला पिशवीत घालून एसटीने दीडशे किलोमीटर का न्यायचं? त्या प्रवासातल्या उन्हानेच ससा जाईल. कोंड्याने तो दोन दिवसांत मरत नाही.

मोजायला शिकवा ना, घाबरवता काय? पद्धत अशी:

वजन किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर करा. आधी रिकामी टोपली, मग ससा घातलेली, आणि वजाबाकी. अंदाजाने नाही, लोकर फुगलेला ससा डोळ्यांना नेहमी अर्धा किलो जास्त दिसतो.

बाटलीतलं ०.१ मिली घ्या, त्यात ०.९ मिली प्रॉपिलीन ग्लायकॉल (औषध पातळ करायचा द्रव) मिसळा. आता १ मिलीत १ मिलिग्रॅम झालं. दीड किलोच्या सशाला यातलं ०.३ मिली, हे कुणालाही मोजता येतं. मिसळायला पाणी किंवा सलाईन घेऊ नका. आयव्हरमेक्टिन पाण्यात विरघळत नाही, ते वेगळं होतं, आणि एका सिरिंजमध्ये नुसतं पाणी तर दुसरीत सगळं औषध येतं.

सिरिंज इन्सुलिनची घ्या, पण टोपीचा रंग बघून. लाल टोपी म्हणजे यू-४०, तिचं १ युनिट ०.०२५ मिली. केशरी टोपी म्हणजे यू-१००, तिचं १ युनिट ०.०१ मिली. ०.३ मिली म्हणजे केशरीवर ३० युनिट. तेच ३० युनिट लालवर भरले तर ०.७५ मिली, अडीचपट. निम्म्या चुका इथेच होतात, दुकानदार हाताला येईल ती देतो.

आणि बाटली वाचून घ्या. नुसतं आयव्हरमेक्टिन हवं. काहींत क्लोर्सुलॉन मिसळलेलं असतं, ते गुरांच्या यकृतातल्या चपट्या कृमींसाठी. सशाला त्याचं काम नाही.

टोचायचं खांद्यांमधल्या सैल कातडीखाली. आज, चौदाव्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. तीन म्हणजे तीन.

निंबोळी

औषधांच्या बाटल्यांवर एवढा हिशेब, आणि दारातला कडुनिंब कुणाला दिसत नाही. कपाशीवर ५ टक्के निंबोळी अर्क आपण पिढ्यान् पिढ्या मारतो, किडी आटोक्यात येतात. मग सशाच्या कातडीवर निंबाचं किंवा करंजाचं तेल का नको? एक दिवसाआड लावा, किडा गुदमरतो. मात्रा चुकण्याची भानगडच नाही.

तापीकाठ

निंबोळी, कपाशीवर अर्क कसा चालतो ते आठवा. अळी फवारलेलं पान खाते, मग तिची भूक मंदावते, कात टाकणं बिघडतं. हा किडा पान खात नाही. तो कातडीच्या वरच्या थरावर दाट लोकरीखाली बसतो, आणि त्याची अंडी केसाच्या बुडाशी उवांच्या लिखांसारखी चिकटवलेली असतात. तेल तिथवर पोचवायचं तर सशाला तेलात बुडवावं लागेल. ससा अंग चाटूनच स्वच्छ करतो, म्हणजे ते सगळं तेल शेवटी पोटात. शिवाय तेलकट लोकर गोळा होते, तिच्यातून वारा जात नाही. भुसावळच्या उन्हात तेल चोपडलेला ससा म्हणजे स्वेटर घालून भट्टीसमोर बसवलेला माणूस.

कूलरसमोर

मग आंघोळ? सल्फरचा साबण लावून कोंडा धुऊन निघाला तर काय वाईट?

दवाखान्यातली वही

आंघोळ नको. ओल्या लोकरीने ससा उन्हाळ्यातसुद्धा गारठतो, धडपडतो, आणि मागच्या पायांच्या लाथेने त्याचाच कणा मोडू शकतो. कोंडा धुतला तरी अंडी केसांना चिकटलेलीच राहतात. याला अपवाद एकच: कुणी चुकून फिप्रोनिल (गोचिडीच्या स्प्रेतलं कीटकनाशक) लावलं असेल तर लगेच सौम्य शॅम्पूने तेवढा भाग धुवा, कोरडा करा आणि दवाखाना गाठा.

फिप्रोनिलचं मुद्दाम सांगतो, कारण कुत्र्यांच्या गोचिडीचा स्प्रे घरात असतोच. तेच फिप्रोनिल इथे कपाशीवर फुलकिड्यांसाठी मारतात. कुत्र्याला चालतं, सशाला नाही. खाणं बंद, थरथर, झटके, मृत्यू. लक्षणं काही वेळा दोन-तीन दिवसांनी दिसतात, म्हणून त्या स्प्रेवर संशयच जात नाही. गोठ्यातलं गोचिडीचं औषध अमिट्राझ आणि पिसवांचे गळपट्टे हेही नकोत.

आता सातपुडा_पायथा यांच्या पद्धतीवर. तुमचा हिशेब मला मान्य आहे, यू-४० चा मुद्दा तर फारच कामाचा. तरीही घरी टोचायला माझा विरोध आहे, दोन कारणांनी.

एक, निर्जंतुकपणा. बाटलीच्या बुचात तीच सुई पुन्हा खुपसली, प्रॉपिलीन ग्लायकॉल कुठल्याशा डब्यातलं वापरलं, की टोचल्या जागी गळू. सशाचा पू माणसासारखा वाहत नाही, चक्क्यासारखा घट्ट असतो, निचरा होत नाही. मग शस्त्रक्रिया. कोंड्यासाठी गेलात आणि गळू घेऊन आलात.

दोन, चुकीचा रोग. नाकाचा शेंडा, ओठ, कानाच्या कडा आणि बोटांवर राखाडी खपल्या, जीव काढणारी खाज, ही सार्कोप्टिसची खरूज. कानात आतून पापुद्र्यांसारख्या तपकिरी खपल्यांचे थर, ससा मान झटकतोय, तो कानातला सोरोप्टिस. ती खपली ओढून काढू नका, खाली ओली जखम असते. औषध लागलं की आठ-दहा दिवसांत आपोआप गळते. गोल टक्कल, कडा लालसर, घरातल्या मुलाच्या हातावर गोल चट्टा, तो गजकर्ण, म्हणजे बुरशी. बुरशीवर आयव्हरमेक्टिन शून्य. तीन डोस झाले, सहा आठवडे गेले, तोवर घरभर पसरलं.

पट्टीबद्दल तापीकाठ यांना एक दुरुस्ती. पट्टीत किडा दिसला तर नक्की आहे. नाही दिसला तर नाही, असं मात्र नसतं. जो ससा स्वतःला नीट चाटतो तो किडे गिळून टाकतो, मग ते कधी कधी लेंड्यांच्या तपासणीत सापडतात. केसाच्या दांड्यालाच धरलेले तपकिरी ठिपके, मीठ-मिरपूड भुरभुरल्यासारखे, तो लेपोराकारस, वेगळा किडा. तो सहसा फार त्रास देत नाही.

टोचण्यापेक्षा सेलामेक्टिनचे, म्हणजे कातडीवर सोडायच्या किडेनाशक औषधाचे, थेंब बरे. लेबलवर कुत्रा-मांजर असतं, सशाला डॉक्टरांच्या जबाबदारीवर देतात. किलोमागे ६ ते १८ मिलिग्रॅम. ६ टक्क्यांच्या औषधात १ मिलीत ६० मिलिग्रॅम, म्हणजे दीड किलोच्या सशाला १२ च्या दराने ०.३ मिली. कुत्र्यांचं १२ टक्क्यांचं घेतलं तर निम्मं, ०.१५. कवटीच्या मागे, जिथे जीभ पोचत नाही तिथे, केस बाजूला करून थेट कातडीवर. सुकेपर्यंत जोडीदार वेगळा ठेवा, तो चाटतो.

सातपुडा_पायथा

डॉक्टर, गळवाचा मुद्दा मान्य. बुचाला दर वेळी नवी सुई, मिसळलेलं औषध उरलं तर फेकायचं, आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल औषधी दर्जाचं, सीलबंद. इतकं करायचं नसेल तर टोचू नये.

पण सेलामेक्टिन चोपडा-यावलच्या दुकानात मागा बरं. मागवावं लागतं, आणि सहा सशांना तीन-तीन वेळा म्हणजे किंमत बघा. गावात ससे एकटे नसतात. एकाच्या अंगावर कोंडा दिसला की त्या पिंजऱ्यातल्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध द्यावं लागतं, ज्याच्या अंगावर काही नाही त्यालाही. एक जरी सुटला तरी महिन्याभरात पुन्हा पहिल्यापासून.

कापूस_केळी

सगळे औषधावर भांडताय. सशाला काय खाऊ घालता ते कुणी विचारत नाहीये.

केलेटिएला बऱ्याच सशांच्या अंगावर थोडा असतोच. चांगला ससा त्याला चाटून आटोक्यात ठेवतो. कोंडा उठतो तो चाटता येत नाही तेव्हा, आणि जागा बघा: मानेमागे, शेपटीच्या वर. जिथे तोंड पोचत नाही तिथेच. का पोचत नाही? लठ्ठ आहे, दात वाढलेत, नाहीतर पाठ आखडलीय.

रावेर-यावलला रोज केळं, वर भिजवलेले हरभरे आणि चहाबरोबरचं बिस्किट. ससा उशीसारखा होतो. दात आठवड्याला साधारण २ मिमी वाढतात आणि झिजतात ते फक्त लांब, चरबट गवत चघळून. आहारात पाच वाट्यांपैकी चार वाटे वाळलेलं गवत हवं. केळ्याची अंगठ्याएवढी चकती आठवड्यातून दोनदा, बस्स. लसूणघास मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम फार, लघवी चुन्यासारखी घट्ट होते.

तीन डोस देऊन बरा झालेला लठ्ठ ससा चार महिन्यांनी पुन्हा कोंड्याने भरतो, आणि लोक म्हणतात औषध नकली होतं.

दवाखान्यातली वही

हे बरोबर, अर्धंच. अशक्तपणा आणि लठ्ठपणा मूळ असू शकतो, पण ज्याच्या अंगावर आत्ता किडे रांगतायत त्याला नुसतं गवत घालून ते जाणार नाहीत. आधी औषध, सोबत तोंड तपासणं. दाढा बाहेरून दिसत नाहीत. हनुवटी ओली, नेहमीपेक्षा बारीक लेंड्या, पाल्याला तोंड लावून सोडून देणं, ही दाढांची लक्षणं. बारा तास काहीच खाल्लं नाही तर कोंडा विसरा, आधी पोट वाचवा.

कूलरसमोर

आणि तीन डोसच का? पहिल्यानंतरच कोंडा अर्धा होतो, मग लोक थांबतात.

सातपुडा_पायथा

औषध अंड्यावर चालत नाही म्हणून. अंड्यापासून मोठा किडा व्हायला तीन ते पाच आठवडे. पहिल्या डोसला जे फिरते होते ते मेले, केसांवरच्या लिखा तशाच. त्या फुटल्या की दुसऱ्याने मरतात, उशिरा फुटलेल्या तिसऱ्याने. थांबलात की तिसऱ्या आठवड्यात परत.

आणि पिंजरा. मादी किडा सशाशिवाय दहा दिवस तग धरतो. गोणपाट, बारदान, लाकडी खोका, जुनी फणी, हे सगळं बदला. लाकडाच्या फटीत गळलेले केस अडकतात आणि अंडी त्या केसांवरच असतात. गोणपाटापेक्षा जुना सुती कपडा बरा, तीन-चार दिवसांनी उकळत्या पाण्यातून काढता येतो. उकळता येत नाही ते काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मे महिन्यात गच्चीवर टाका. एवढं ऊन फुकट मिळतं ते इथेच. झाडलेले केस उकिरड्यावर नको, जाळा. महिनाभर असंच.

तापीकाठ

हातावर, पोटावर लाल खाजरे पुरळ आलेत त्यांच्यासाठी: ससा मांडीवर घेणाऱ्यांना तो किडा चावतो, पण माणसावर वाढत नाही. ससा बरा झाला की तीनेक आठवड्यांत पुरळ जातं. घरभर खरजेचं मलम चोपडण्याआधी त्वचेच्या डॉक्टरांना घरात ससा आहे एवढं सांगा.

घरी टोचण्याबाबत माझं मत मात्र तेच. ज्याच्याकडे काटा नाही, केशरी टोपीची सिरिंज नाही आणि कॅलेंडरवर तीन तारखा लिहिलेल्या नाहीत, त्याने बाटली उघडू नये.

सातपुडा_पायथा

आणि ज्याच्याकडे हे सगळं आहे त्याने?

दवाखान्यातली वही

त्याने पट्टीची काच आणि सशाचं वजन घेऊन सकाळी सातच्या आत दवाखान्यात यावं. गोठवलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवावी, ससा तिला टेकून बसतो. गाईचाच दवाखाना असला तरी चालेल. मात्रा वहीत लिहून घ्या आणि पहिलं इंजेक्शन आमच्यासमोर होऊ द्या. पुढची दोन घरी द्यायची की नाही, ते तुमचा हात बघून ठरवू.